चाक धरतंय म्हणून लगेच कॅलिपर बदलू नका: तपासणीपासून हवा काढण्यापर्यंत कामाचा क्रम

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पुष्कळ गाडीमालक ब्रेकचं काम अंगणात स्वतः करतात किंवा ओळखीच्या मिस्त्रीजवळ उभं राहून करून घेतात. चाक धरायला लागलं, म्हणजे ब्रेक सोडल्यावरही मोकळं फिरेनासं झालं, की पहिला संशय कॅलिपरवर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावर, येतो. तो बदलणं तसं अवघड नाही. तरी ते फसतं, आणि बहुतेक वेळा तीनच ठिकाणी फसतं. दोष होज पाइपमध्ये (कॅलिपरला ब्रेक ऑइल पोचवणाऱ्या रबरी नळीत) असतो आणि बदलला जातो कॅलिपर. पिनांना बेअरिंगचं ग्रीस लावलं जातं. आणि ब्रेकमधली हवा अर्धवट काढून गाडी रस्त्यावर जाते. सपाट रस्त्यावर या चुका लपून राहतात. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरताना किंवा तवंदी घाटात पुढे उसाची ट्रॉली आडवी आली की त्या उघड्या पडतात.

खालची माहिती पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या नेहमीच्या छोट्या गाड्यांसाठी आहे. त्यांच्या पुढच्या कॅलिपरला एकच पिस्टन (ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणारा भाग) असतो आणि तो कॅलिपर दोन पिनांवर आतबाहेर सरकतो. मागेही डिस्क असेल तर तिथली काळजी टप्पा ५ मध्ये वेगळी दिली आहे.

## टप्पा १: दोष नेमका कुठे आहे ते ठरवा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका हाच गाळला जातो.

गाडी दहा-बारा किलोमीटर चालवा आणि ब्रेक शक्य तितका कमी वापरा. थांबल्यावर तळहात रिमच्या जवळ न्या, टेकवू नका. डाव्या-उजव्या चाकाच्या उष्णतेत ठळक फरक असेल तर गरम बाजूचा ब्रेक सुटत नाही. तापमान मोजायची औद्योगिक गन असेल तर उत्तम. करोनाच्या काळात घरोघरी आलेली ताप मोजायची गन इथे चालत नाही, तिची मर्यादा माणसाच्या तापापुरतीच असते.

सावध: गरम डिस्कवर पाणी ओतून बघू नका. डिस्क वाकडी होऊ शकते, तडाही जाऊ शकतो.

आता मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, पुढचं चाक उचला, गाडी स्टँडवर टेकवा आणि गिअर न्यूट्रल करा. चाक हाताने फिरवून बघा. पॅड घासल्याचा बारीक आवाज चालेल. जोर लावावा लागत असेल तर दुसऱ्या बाजूच्या चाकाशी ताडून बघा, कारण पुढच्या चाकाबरोबर शाफ्टही फिरतो आणि थोडा जडपणा तसाही असतो.

कुणाला तरी दोन-तीन वेळा ब्रेक दाबून सोडायला सांगा. चाक जाम झालं की कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल किंचित ढिला करा. बहुधा ८ किंवा १० नंबरचा पाना लागतो. इथून दोन वाटा फुटतात.

निपल उघडल्यावर चाक मोकळं झालं: म्हणजे पाइपमध्ये दाब अडकला होता. कॅलिपरचा यात दोष नाही. रबरी होज आतून फुगून बंद झाला की ब्रेक ऑइल पायाच्या जोराने पुढे जातं, परत मात्र येत नाही. बाहेरून होज नव्यासारखा दिसतो, म्हणूनच फसवतो. खात्री करायची तर निपल बंद करा, ब्रेक दाबून चाक पुन्हा जाम करा आणि लोखंडी नळी होजला जिथे मिळते तो वरचा जॉइंट ढिला करा. तिथे चाक सुटलं तर दोष आणखी वर आहे: मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा भाग) किंवा पेडलला ढिलाईच शिल्लक नसणं. तिथे न सुटता फक्त निपलपाशीच सुटत असेल तर होज गेला. हा जॉइंट उघडला म्हणजे नंतर हवा काढावीच लागणार, हे लक्षात ठेवा.

निपल उघडूनही चाक सुटलं नाही: मग अडचण यांत्रिक आहे. कॅलिपर ब्रॅकेटवरून (तो ज्या लोखंडी चौकटीवर बसतो तिच्यावरून) सोडवून दोन पिना बोटाने सरकवून बघा. पिन अडकली असेल आणि पिस्टन ठीक असेल तर नवा कॅलिपर लागतच नाही. पिना साफ करून किंवा नव्या टाकून आणि त्यांची रबरी टोपणं बदलून काम भागतं. पिना मोकळ्या असतील तर निपल उघडा ठेवून सी-क्लॅम्पने पिस्टन सावकाश आत ढकला. तो सरकत नसेल, झटके देत सरकत असेल किंवा त्याच्या कडेने ऑइल झिरपत असेल तर कॅलिपरचंच काम आहे.

पॅडही बरंच सांगतात. आतला पॅड जास्त झिजला असेल तर पिस्टन मागे येत नाही किंवा कॅलिपर पिनांवर सरकत नाही. पॅड तिरका झिजला असेल तर बहुधा एक पिन अडकलेली असते किंवा पॅड ब्रॅकेटमध्ये गंजाने धरलेला असतो.

पिस्टन खराब होण्याचं मूळ आपल्याकडे बहुतेक वेळा त्याच्यावरच्या धूळरोधक रबरात सापडतं. ते फाटलं की खानापूरकडचा तांबडा चिखल किंवा चिकोडीकडची काळी माती आत जाते, पाणी धरून ठेवते आणि पिस्टनवर गंजाचे खड्डे पडतात. पुण्या-मुंबईला नोकरी आणि गाडी मात्र गावाकडे पावसाळाभर उभी, असं असेल तर हा दोष हमखास आढळतो. पिस्टनचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर सील किट (नव्या रबरी सीलचा संच) टाकून चालतं. खड्डे पडले असतील तर किटवर पैसे घालवू नका. नवं सील त्याच खड्ड्यांवर घासून पुन्हा गळेल.

## टप्पा २: सामान आणि जागा

नवा कॅलिपर घेताना चासी नंबर सांगा आणि शक्य असेल तर जुना नमुना दाखवा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या सालच्या गाड्यांत पिस्टनचा व्यास बदललेला असू शकतो. भंगारातला कॅलिपर स्वस्त मिळतो, पण त्याच्या आत काय झालंय ते बाहेरून कळत नाही. ब्रेकसाठी तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तपासा: कॅलिपर गाडीवर जसा बसणार तसा हातात धरा. हवेचा निपल वरच्या बाजूला आला पाहिजे. डावा-उजवा अदलाबदल झाली तरी कॅलिपर कित्येकदा बसतो, पण निपल खाली येतो आणि वरची हवा कधीच निघत नाही. परदेशी व्हिडिओ बघून काम करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरची बाजू डावी असते, आपली उजवी.

यांशिवाय लागेल ते असं: होजच्या बोल्टसाठी दोन नवे तांब्याचे वॉशर, गाडीच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचं सीलबंद ब्रेक ऑइल, ब्रेक क्लीनर, ब्रेकच्या पिनांसाठीचं सिलिकॉन ग्रीस, तारेचा ब्रश, सी-क्लॅम्प, निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, एक बाटली आणि टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरापर्यंतच आवळणारा पाना). टॉर्क रेंच विकत घ्यायलाच हवा असं नाही, चार दिवसांपुरता कुणाकडून आणलात तरी चालेल. पॅड घेतलेत तर दोन्ही चाकांचे घ्या, एकाच बाजूचे कधीही नाही. कॅलिपर एका बाजूचा बदलला तरी चालतो. मात्र होज जुना असेल तर दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत.

आपल्या मऊ मातीच्या अंगणात जॅक आणि स्टँड हळूहळू रुततात, आणि शहाबादी फरशी स्टँडच्या पायाखाली फुटते. दोन्ही ठिकाणी खाली जाड फळी घालाच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नये. विटा किंवा सिमेंटचे ठोकळेही नकोत, ते न सांगता फुटतात.

## टप्पा ३: जुना कॅलिपर उतरवणं

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू तशीच राहिली की कोणती क्लिप कुठे होती ते डोळ्यासमोर असतं.

१. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा ढिले करा. मग गाडी उचलून स्टँडवर घ्या आणि चाक काढा. काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवा.

२. ब्रेक ऑइलची टाकी बघा. काठोकाठ भरली असेल तर थोडं ऑइल स्वच्छ सिरिंजने काढा. ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलतं. लगेच भरपूर पाण्याने धुवा.

३. कॅलिपर पिनांवर घट्ट असतानाच होजचा बोल्ट पाव आटा सैल करून पुन्हा हलका आवळून ठेवा. कॅलिपर सुटल्यावर हा बोल्ट काढायला गेलात तर तो हातात फिरत राहतो आणि होज पिळला जातो. बहुतेक होज इथेच खराब होतात.

४. पिनांचे बोल्ट काढा. कॅलिपर तारेने स्प्रिंगला बांधून वर अडकवा, होजवर लोंबकळू देऊ नका.

५. पॅड काढा. आतला कुठला, बाहेरचा कुठला, आवाज करणारी पत्ती कोणत्या पॅडला होती, याचा मोबाइलवर फोटो काढा.

६. नवा कॅलिपर हाताशी आहे ना, हे बघूनच होजचा बोल्ट पूर्ण काढा. ऑइल गळत राहील, खाली बाटली धरा. होज पकडीने चिमटू नका, आतला थर फाटतो आणि टप्पा १ मधला दोष तुम्हीच तयार करता.

सावध: टाकी कधीही रिकामी होऊ देऊ नका. एबीएस (जोराच्या ब्रेकला चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत हवा त्या युनिटमध्ये शिरली तर ती काढायला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागतो आणि घरचं काम तिथेच थांबतं.

ब्रेकची भुकटी हवेच्या पाइपने उडवू नका. ब्रेक क्लीनर मारून ओली करा आणि फडक्याने पुसा. तोंडाला मास्क ठेवा.

## टप्पा ४: ब्रॅकेट आणि पिना

नवा कॅलिपर आणला, बसवला आणि महिन्याभरात चाक पुन्हा धरायला लागलं, अशी तक्रार आली की बहुतेक वेळा हा टप्पा झालेला नसतो.

पॅडचे कान ज्या स्टीलच्या पत्त्यांत सरकतात त्या काढा. त्यांच्या खाली ब्रॅकेटवर गंज फुगलेला असतो, तो पत्ती आत दाबतो आणि पॅड अडकतो. नवा पॅड बसत नाही म्हणून पॅडचे कान कानशीने घासायची सवय फार पसरली आहे. ती चुकीची आहे. तारेच्या ब्रशने ब्रॅकेटवरचा गंज काढा, नव्या पत्त्या बसवा. पॅड बोटाच्या जोराने सरकला पाहिजे.

पिना बाहेर काढण्याआधी वरची-खालची अशी खूण करा. बऱ्याच गाड्यांत दोन्ही सारख्या नसतात, एकीला टोकाशी रबरी बुश किंवा सपाट बाजू असते. पिना आणि त्यांची छिद्रं ब्रेक क्लीनरने साफ करा. पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल वापरू नका. ब्रेकमधलं रबर खनिज तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. हेच कारण बेअरिंगच्या पिवळ्या किंवा निळ्या ग्रीसलाही लागू आहे. ते लावल्यावर पहिले काही दिवस पिन लोण्यासारखी सरकते, मग रबर फुगून तिला आवळतं.

सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर पुरे. छिद्राचा तळ बंद असतो. तिथे ग्रीस कोंबलं तर पिन आत जाऊन पुन्हा बाहेर ढकलली जाते.

तपासा: पिन आत ढकलून हात काढा. ती तिथेच राहिली पाहिजे. बाहेर येत असेल तर ग्रीस कमी करा. टोपणाची कड पिनेच्या खोबणीत सगळीकडून बसली आहे का, ते बोट फिरवून बघा.

डिस्कवर खोल चरे असतील किंवा तिची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्याखाली गेली असेल तर ती बदला. नव्या डिस्कला गंजरोधक तेल लावलेलं असतं. ते ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसल्याशिवाय पॅड लावू नका.

## टप्पा ५: नवा कॅलिपर बसवणं

ब्रॅकेट सोडवला असेल तर आधी तो घट्ट करा, मग पत्त्या, पॅड आणि शेवटी कॅलिपर. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला बोटांचं ग्रीस लागू देऊ नका. आतला पॅड बाहेर आणि बाहेरचा आत बसवण्याची चूकही होते, काढलेला फोटो इथे कामाला येतो.

होजच्या बोल्टला एक वॉशर होजच्या वर, एक खाली. दोन्ही नवे. तांबं एकदा दाबलं की त्या जागेपुरतं बसतं, दुसऱ्यांदा वापरलं की झिरपतं. बोल्ट आधी हाताने फिरवा, होजला पीळ नाही हे बघा, मग आवळा.

प्रत्येक बोल्टचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. अंदाज यावा म्हणून सांगतो: छोट्या गाड्यांत पिनांचे आणि होजचे बोल्ट साधारण २० ते ३५ न्यूटन मीटरच्या घरात असतात, चाकाचे नट साधारण ८५ ते ११०. म्हणजे होजचा बोल्ट चाकाच्या नटाइतका ताणायचा नसतो. लांब पान्याने ओढला की तो मोडतो किंवा कॅलिपरचे आटे जातात.

तपासा: स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवा. होज ताणला जाऊ नये, टायरला लागू नये.

मागे डिस्क असेल तर: हँडब्रेक कॅलिपरमध्येच असणाऱ्या गाड्यांत पिस्टन दाबून आत जात नाही, फिरवत आत न्यावा लागतो. सी-क्लॅम्प लावला तर आतली यंत्रणा मोडते. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड लावावा लागतो. तशी गाडी स्कॅनर असलेल्या गॅरेजात नेलेली बरी.

## टप्पा ६: हवा काढणं

इंजिन बंद. टाकी वरच्या खुणेपर्यंत भरा. निपलवर नळी चढवा, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा.

आधी निपल उघडून ऑइल आपोआप ठिबकू द्या. कॅलिपर रिकामा असतो, त्यातली बरीच हवा या सावकाश पद्धतीने निघते. कॅलिपरला लाकडी मुठीने हलके ठोके द्या, चिकटलेले बुडबुडे वर येतात. मग दोन माणसांचं काम सुरू करा:

१. आतला माणूस पेडल सावकाश दाबतो आणि दाबून धरतो, "धरलंय" म्हणतो.

२. बाहेरचा निपल उघडतो. ऑइल आणि बुडबुडे नळीत येतात.

३. पेडल खाली जात असतानाच बाहेरचा निपल बंद करतो आणि "सोड" म्हणतो.

४. त्यानंतरच आतला पाय उचलतो.

पाय आधी उचलला की नळीतली हवा परत आत ओढली जाते. घरातल्या मुलाला पेडलवर बसवणार असाल तर निपलला हात न लावता दोन-चार वेळा नुसता सराव करून घ्या.

जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळाला टेकणार नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचं सील जिथवर जात नाही तिथे गंज आणि गाळ साचलेला असतो. पेडल तळापर्यंत मारलं की सील त्यावर घासून फाटतं. कॅलिपर नवा आणि दुसऱ्या दिवशी मास्टर सिलिंडर गेला, असं होण्याचं हे एक मोठं कारण.

दर पाच-सहा दाबांनंतर टाकी बघा. बुडबुडे पूर्ण थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत थांबू नका. टाकी कोरडी पडली नसेल तर बहुतेक वेळा उघडलेल्या चाकाचीच हवा काढून भागतं. सगळं ऑइल बदलत असाल तर मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्या गाड्यांत ते बहुधा मागचं डावं असतं. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तोच पाळा.

ऑइलविषयी: अर्धी उरलेली, पावसाळ्यात कपाटात उघडी पडलेली बाटली वापरू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. ओलावा धरल्यावर तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४० आहेत. लांब उतारावर कॅलिपर तापला की ओलं ऑइल उकळतं, वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात कधीही मिसळू नका. काढलेलं ऑइल विहिरीच्या कडेला, गटारात किंवा जळक्या इंजिन ऑइलच्या डब्यात ओतू नका. वेगळ्या बाटलीत भरा, नाव लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

## टप्पा ७: रस्त्यावर नेण्याआधी

- गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिले काही दाब रिकामे जातात. हे विसरून गाडी मागे घेताना भिंतीला लागल्याच्या घटना होतात.
- इंजिन सुरू करा, पेडल अर्धा मिनिट जोराने दाबून धरा. सावकाश खाली बसत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं सील गेलंय. स्पंजासारखं लागत असेल तर हवा राहिली आहे, टप्पा ६ पुन्हा करा.
- होजचा बोल्ट आणि निपल कोरड्या कागदाने पुसून बघा. डाग येता कामा नये. निपलवर रबरी टोपी लावा.
- चाक फिरवून बघा, मग गाडी खाली घेऊन नट तिरक्या क्रमाने आकड्यापर्यंत आवळा.

पहिली चाचणी गल्लीतच, चालण्याच्या वेगाने. मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ५० ते ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक मारत आठ-दहा वेळा वेग उतरवा. पूर्ण थांबू नका आणि प्रत्येक वेळी मध्ये डिस्क थंड व्हायला अंतर द्या. नवे पॅड असे डिस्कला बसतात. ही चाचणी चोर्ला, अनमोड किंवा आंबोलीच्या उतारावर करू नका. शेवटी टप्पा १ प्रमाणे दोन्ही चाकांची उष्णता ताडून बघा.

## टप्पा ८: देखभाल

वर्षातून दोनदा चाक काढा: एकदा मे महिन्यात, पावसाच्या आधी, आणि एकदा पाऊस सरल्यावर दसऱ्याच्या सुमारास. पॅडची जाडी बघा, ३ मिलिमीटरवर आली की बदला. पिस्टनचं धूळरोधक रबर आणि पिनांची टोपणं फाटलेली नाहीत ना ते बघा. दुसऱ्या फेरीला पिना काढून साफ करा आणि ग्रीस नवं लावा. उसाच्या हंगामात निपाणी-चिकोडी बाजूला ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेली माती चाकात सुकून बसते, ती आठवड्याला साध्या पाण्याने काढा. जोराच्या फवाऱ्याचं तोंड रबरी टोपणांवर धरू नका. धुतल्यावर गाडी थोडी चालवून हलके ब्रेक मारा, डिस्क कोरडी होते.

ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला, किलोमीटर कमी झाले असले तरी. महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी हँडब्रेक न लावता, गिअरमध्ये आणि चाकांना ठोकळे लावून ठेवा. गावातल्या कुणाला तरी महिन्यातून एकदा ती पाच-सात किलोमीटर चालवून आणायला सांगा.

कॅलिपर बदलल्यानंतर साधारण शंभर किलोमीटरवर चाकाचे नट पुन्हा आवळा आणि टाकीतल्या ऑइलची पातळी बघा. पातळी उतरली असेल तर नुसती भर घालून पुढे जाऊ नका. चाक काढून होजच्या बोल्टपाशी ओल आहे का ते आधी शोधा.